डिग्री-क्रमिकेवरून ग्राफ काढताना: टप्पे, ताळे आणि नेहमीच्या चुका

२, २, २, २, २. पाच बिंदू, प्रत्येकाची डिग्री दोन. हा साधा पंचकोन आहे, शाळेतल्या पोरानेही काढला असता. तरीही परभणीत एम.एस्सी.च्या मुलांना ग्राफ थिअरी शिकवताना दर वर्षी निदान चार-पाच वह्यांत मला याच क्रमिकेखाली ‘असा ग्राफ शक्य नाही’ असं उत्तर सापडतं. रीत (टप्पा ४ मधली हावेल–हकिमी) बरोबर वापरलेली असते, वजाबाकी बरोबर असते, फक्त मधली एक ओळ गाळलेली असते. ही मुलं हुशार आहेत. त्यांना रीत पाठ आहे, पण कोणतं पाऊल कशासाठी टाकायचं हे कुणी सांगितलेलं नाही. म्हणून हा लेख, ओळीने सगळे टप्पे मांडून.

शब्दांचं आधी ठरवून घेऊ. पुस्तकात शिरोबिंदू आणि कड असतात, वर्गात आपण व्हर्टेक्स आणि एज म्हणतो. इथे मी बिंदू आणि रेघ म्हणेन. काही बिंदू आणि त्यांतल्या जोड्यांना जोडणाऱ्या रेघा, म्हणजे ग्राफ. एका बिंदूला जितक्या रेघा येऊन मिळतात ती त्याची डिग्री. सगळ्या बिंदूंच्या डिग्री मोठीकडून लहानीकडे ओळीने लिहिल्या की डिग्री-क्रमिका झाली. आणि एखाद्या क्रमिकेचा साधा ग्राफ (साधा म्हणजे काय ते टप्पा २ मध्ये) खरोखर काढता येत असेल, तर ती क्रमिका ग्राफिकल.

## टप्पा १: आधी ग्राफवरून क्रमिका लिहायला शिका

उलटा प्रवास करण्याआधी सुलटा नीट जमला पाहिजे. आपल्याच रेल्वेचं उदाहरण घ्या. मधली लहान स्थानकं आणि मराठवाड्याबाहेर जाणारे फाटे सोडून देऊ, फक्त बारा ठिकाणं ठेवू. जालना–परभणी, परभणी–पूर्णा, पूर्णा–हिंगोली, पूर्णा–नांदेड, नांदेड–मुदखेड, मुदखेड–धर्माबाद, मुदखेड–किनवट, परभणी–परळी, परळी–लातूर रोड, लातूर रोड–उदगीर आणि लातूर रोड–लातूर. मोजा, अकरा रेघा.

आता डिग्री. परभणी, पूर्णा, मुदखेड आणि लातूर रोड या चार जंक्शनांची प्रत्येकी ३. नांदेड आणि परळी यांची २. जालना, हिंगोली, धर्माबाद, किनवट, उदगीर, लातूर या सहा टोकांची १. क्रमिका अशी:

३, ३, ३, ३, २, २, १, १, १, १, १, १

ताळा: डिग्रींची बेरीज रेघांच्या दुप्पट यायला हवी, कारण प्रत्येक रेघेला दोन टोकं असतात आणि ती दोन्ही मोजली जातात. इथे १२ + ४ + ६ = २२, म्हणजे ११ च्या दुप्पट. हा ताळा न करता पुढे जाऊ नका. एखादी रेघ एकाच टोकाकडून मोजली गेली असेल तर ती चूक इथेच पकडली जाते.

सावधान, शून्य गाळू नका. याच यादीत अंबाजोगाई घ्या. तिथे रेल्वे नाही, म्हणून डिग्री ०. पण बिंदू आहे! क्रमिका तेरा पदांची होते, शेवटी एक ० येतो. बेरीज बदलत नाही म्हणून अनेक जण हा शून्य सोडून देतात. पुढे बिंदूंची संख्या जिथे जिथे लागते तिथे तिथे मग उत्तर बिघडतं.

## टप्पा २: प्रश्न कोणत्या ग्राफबद्दल आहे ते पाहा

हा टप्पा अर्ध्या मिनिटाचा आहे, पण तो चुकला की पुढचं सगळं वाया जातं. प्रश्नात ‘साधा ग्राफ’ म्हटलंय का? साध्या ग्राफमध्ये दोन बिंदूंत एकच रेघ चालते आणि स्वतःकडेच वळणारी रेघ, म्हणजे लूप, चालत नाही.

३, २, १ घ्या. तीनच बिंदू आहेत, त्यामुळे साध्या ग्राफमध्ये कुणाचीही डिग्री २ च्या वर जाऊच शकत नाही. उत्तर ‘नाही’. पण दोन बिंदूंत अनेक रेघा चालत असतील तर पहिल्या दोघांत दोन रेघा आणि पहिल्या-तिसऱ्यात एक, झाला ग्राफ. लूप नसलेल्या अशा ग्राफसाठी कसोटी फारच सोपी आहे: बेरीज सम हवी आणि सर्वांत मोठी डिग्री बाकीच्यांच्या बेरजेपेक्षा जास्त नको. लूपही चालत असतील तर बेरीज सम असली की पुरे. लूप डिग्रीत दोनदा मोजतात, हे मात्र लक्षात ठेवा.

इथून पुढे ‘ग्राफ’ म्हणजे साधा ग्राफच.

## टप्पा ३: रीत लावण्याआधी चार नजरा

बिंदूंच्या संख्येला न म्हणू. क्रमिका उतरत्या क्रमाने लिहा आणि या क्रमाने पाहा.

१. बेरीज विषम आहे? थांबा, उत्तर ‘नाही’.

२. सर्वांत मोठी डिग्री न−१ पेक्षा जास्त आहे? थांबा.

३. न−१ आणि ० दोन्ही आहेत? सगळ्यांशी जोडलेला एक आणि कुणाशीच न जोडलेला एक, हे एकत्र नांदू शकत नाहीत. थांबा.

४. सगळ्या डिग्री वेगवेगळ्या आहेत? थांबा. किमान दोन बिंदू असलेल्या साध्या ग्राफमध्ये दोघांची डिग्री सारखी असतेच. वेगवेगळ्या असायच्या तर ० पासून न−१ पर्यंत सगळ्या संख्या वापराव्या लागतील, आणि मग तिसरी नजर आडवी येते.

तिसऱ्या नजरेत अजून थोडं खोल जाता येतं. ५, ५, ४, ३, २, १ पाहा. बेरीज २०, सम. मोठ्यात मोठी डिग्री ५, न−१ इतकीच. पण ५ डिग्रीचे दोन बिंदू आहेत, म्हणजे दोघेही बाकी सगळ्यांशी जोडलेले. मग उरलेल्या प्रत्येकाची डिग्री निदान २ असलीच पाहिजे. शेवटचा १ कुठून येणार? कसलीही रीत न लावता उत्तर मिळालं.

सावधान: या नजरा फक्त ‘नाही’ सांगतात. चारही पार पडल्या म्हणून क्रमिका ग्राफिकल ठरत नाही. ‘मॅडम, बेरीज सम आली की झालं ना?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता फळ्याच्या कोपऱ्यात मी ५, ५, ४, ३, २, १ कायम लिहून ठेवते.

## टप्पा ४: हावेल–हकिमी, नावासकट

हावेल यांनी १९५५ मध्ये आणि हकिमी यांनी १९६२ मध्ये स्वतंत्रपणे दिलेली ही रीत. थोडक्यात: सर्वांत मोठी डिग्री काढून घ्या, ती जितकी असेल तितक्या पुढच्या पदांतून प्रत्येकी एक वजा करा, पुन्हा उतरत्या क्रमाने लावा, आणि हेच परत करत राहा. सगळे शून्य आले तर क्रमिका ग्राफिकल. ऋण संख्या आली किंवा वजा करायला पदंच पुरली नाहीत तर नाही.

तयारी करताना नुसते आकडे लिहू नका. प्रत्येक आकड्यासोबत बिंदूचं नाव लिहा. नाव नसेल तर क्रम बदलल्यावर कोणता ‘१’ कुणाचा हे कळत नाही, आणि ग्राफ काढायची वेळ आली की हात रिकामे.

समजा जत्रेत सात गावांचे कबड्डी संघ उतरलेत: अ, ब, क, ड, इ, फ, ग. कोणत्याही दोन संघांत जास्तीत जास्त एक सामना. दिवसअखेर वहीत प्रत्येकाचे सामने लिहिलेत: अ ५, ब ४, क ४, ड ३, इ ३, फ २, ग १. वही खरी असू शकते का?

चार नजरा: बेरीज २२, सम. मोठी डिग्री ५, न−१ म्हणजे ६ च्या आत. शून्य नाही. सारख्या डिग्री आहेत. पुढे चला.

पहिली फेरी. अ (५) काढला. पुढचे पाच ब, क, ड, इ, फ. रेघा: अब, अक, अड, अइ, अफ. उरलं: ब ३, क ३, ड २, इ २, फ १, ग १. क्रम ठीक आहे.

दुसरी फेरी. ब (३) काढला. रेघा: बक, बड, बइ. उरलं: क २, ड १, इ १, फ १, ग १.

तिसरी फेरी. क (२) काढला. पुढचे दोन ड आणि इ. रेघा: कड, कइ. उरलं: ड ०, इ ०, फ १, ग १. आता क्रम मोडलाय. पुन्हा लावा: फ १, ग १, ड ०, इ ०.

चौथी फेरी. फ (१) काढला. रेघ: फग. सगळे शून्य.

वही खरी असू शकते.

ताळा: रेघा ५ + ३ + २ + १ = ११, म्हणजे २२ च्या निम्म्या. प्रत्येक फेरीनंतर उरलेल्या क्रमिकेची बेरीजही पाहत चला: २२, १२, ६, २, ०. काढलेल्या डिग्रीच्या दुप्पटच घट व्हायला हवी. हा ताळा वजाबाकीची चूक जागच्या जागी दाखवतो.

### पुन्हा क्रम का लावायचा

आता पंचकोनाकडे या. २, २, २, २, २. पहिला २ काढला, पुढच्या दोनांतून एकेक वजा: १, १, २, २. इथे क्रम न लावता पुढे गेलात तर पहिला १ काढून शेजारच्या १ मधून वजा करता. उरतं ०, २, २. शून्य काढला, उरले २, २. आता २ काढला तर वजा करायला एकच पद शिल्लक. ‘शक्य नाही.’ आणि समोर पंचकोन उभा.

काय बिघडलं? ज्या दोघांना अजून प्रत्येकी दोन रेघा हव्या होत्या, त्यांना आपण एकटं सोडलं, आणि कमी गरजेच्या दोघांना एकमेकांशी जोडून टाकलं. क्रम लावला असता तर २, २, १, १ झालं असतं, मग १, १, ०, आणि शेवटी शून्य.

हे समजलं की रीतीचा गाभाच हाती येतो. कोणता बिंदू काढायचा याला मोकळीक आहे. मोठाच काढावा असं बंधन नाही, कोणताही काढा. बंधन आहे ते वजा कुठून करायचं याचं: उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या डिग्रींतूनच. ज्याला जास्त रेघा हव्यात त्याला आधी द्यायच्या. मोठा काढायची सवय फक्त सोयीची आहे, फेऱ्या लवकर संपतात.

नेहमी दिसणाऱ्या आणखी तीन चुका. काढलेल्या पदातूनही एक वजा करणं. शून्यातून वजा करून −१ आल्यावर ‘चुकलं वाटतं’ म्हणून तो ० करून पुढे जाणं. −१ हेच तर उत्तर आहे, तिथेच थांबायचं. आणि तिसरी, ‘नाही’ हे उत्तर फेऱ्या न दाखवता लिहिणं. ‘आहे’ सिद्ध करायला ग्राफ काढून दाखवला की पुरतो. ‘नाही’ला मात्र कारण लागतं.

## टप्पा ५: ग्राफ काढा आणि डिग्री मोजा

फेऱ्यांत लिहिलेल्या रेघा कागदावर उतरवा. वेगळं काही करायचं नाही, म्हणून तर नावं लिहून ठेवली. मग प्रत्येक बिंदूच्या रेघा पुन्हा मोजा: क ला अ, ब, ड, इ असे चार, फ ला अ आणि ग असे दोन, वगैरे.

इथे एक गैरसमज मुळापासून काढायला हवा. तिसऱ्या फेरीत क च्या पुढे ड, इ, फ, ग चौघेही १ वर होते. मी ड आणि इ घेतले. तुम्ही फ आणि ग घेऊ शकला असता. मग रेघा कफ, कग आणि शेवटी डइ. तपासून पाहा, सगळ्या डिग्री तशाच येतात. पण पहिल्या ग्राफमध्ये एकच सामना खेळलेला ग, दोन सामने खेळलेल्या फ शी जोडलाय. दुसऱ्यात तोच ग, चार सामने खेळलेल्या क शी. नावं कशीही बदलली तरी हे दोन ग्राफ एकमेकांवर बसत नाहीत.

सावधान: डिग्री-क्रमिका वेगळी असेल तर ग्राफ वेगळे, हे खरं. डिग्री-क्रमिका एक असेल तर ग्राफ एक, हे खोटं. दोन ग्राफ समरूप आहेत, म्हणजे नावं बदलून एकमेकांवर बसतात, हे दाखवण्यासाठी फक्त क्रमिका जुळवून कुणी सोडून दिलं असेल तर मी तिथे गुण देत नाही.

## टप्पा ६: क्रमिका लांब असेल किंवा आकडे मोठे असतील

दोन मार्ग आहेत. पहिला मला जास्त आवडतो, कारण तो सोपा असून फार कमी जण वापरतात.

उलटी क्रमिका. जिथे रेघ आहे तिथे पुसायची, नाही तिथे काढायची. प्रत्येक डिग्री न−१ मधून वजा होते. मूळ क्रमिका ग्राफिकल असेल तरच उलटी ग्राफिकल. ६, ६, ५, ५, ५, ५, ४, ४ यात न = ८, म्हणून ७ मधून वजा करा: १, १, २, २, २, २, ३, ३. उतरत्या क्रमाने ३, ३, २, २, २, २, १, १. एका फेरीत २, २, २, १, १, १, १ येतं. हा ग्राफ डोळ्यांसमोरच येतो: तीन २ आणि दोन १ यांची सरळ साखळी, आणि उरलेल्या दोन १ मध्ये एक रेघ. झालं. मग हवा असेल तर उलटा करून मूळ ग्राफ काढा.

एर्डश–गलाई कसोटी, १९६०. इथे ग्राफ मिळत नाही, फक्त हो किंवा नाही मिळतं. पण ‘नाही’चं कारण फार स्वच्छ सांगते. बेरीज सम असावी, आणि उतरत्या क्रमात पहिले म बिंदू घेतले तर प्रत्येक म साठी:

पहिल्या म डिग्रींची बेरीज ≤ म × (म−१) + उरलेल्या प्रत्येक बिंदूची ‘डिग्री आणि म यांतली लहान संख्या’, यांची बेरीज

अर्थ असा: पहिले म बिंदू आपसात जास्तीत जास्त म × (म−१) टोकं खपवू शकतात. बाहेरचा प्रत्येक बिंदू त्यांना जास्तीत जास्त म रेघा देऊ शकतो, आणि स्वतःच्या डिग्रीपेक्षा जास्त तर नाहीच. म्हणून लहान संख्या.

५, ५, ५, २, २, २, १ पाहा. चारही नजरा पार होतात. म = १: ५ ≤ ० + ६, ठीक. म = २: १० ≤ २ + (२+२+२+२+१) = ११, ठीक. म = ३: १५ ≤ ६ + (२+२+२+१) = १३? नाही. तिघांना १५ टोकं हवीत, मिळू शकतात फक्त १३. क्रमिका ग्राफिकल नाही.

सावधान: म = २ ला उरलेल्यांतला पहिला ५ आहे, पण तो २ म्हणून मोजायचा. इथे ५ लिहिणं ही या कसोटीतली सर्वांत जास्त दिसणारी चूक. सगळे म तपासायचीही गरज नाही. जिथपर्यंत म-वी डिग्री म−१ किंवा त्याहून मोठी आहे तिथपर्यंतच तपासा. वरच्या क्रमिकेत चौथी डिग्री २ आहे, ३ पेक्षा लहान, म्हणून म = ३ वर थांबलो.

## टप्पा ७: जोडलेला ग्राफ हवा असेल, वृक्ष हवा असेल

प्रश्नात ‘जोडलेला’ हा शब्द असेल, म्हणजे कोणत्याही बिंदूपासून रेघांवरून कोणत्याही बिंदूपर्यंत जाता यायला हवं असेल, तर वेगळी तपासणी लागते. क्रमिका ग्राफिकल असावी, एकही शून्य नसावा, आणि बेरीज निदान २ × (न−१) असावी. एवढं असेल तर जोडलेला ग्राफ काढता येतोच.

पण तुम्ही काढलेला ग्राफ जोडलेलाच असेल असं नाही. २, २, २, २, २, २ चे दोन सुटे त्रिकोण होऊ शकतात, अबक आणि डइफ. घाबरू नका. रेघांची अदलाबदल करा: अब आणि डइ पुसा, अड आणि बइ काढा. डिग्री तशाच राहिल्या, आणि झाला एक षटकोन. हीच युक्ती कुठेही चालते, एकच अट: पुसलेल्या दोन रेघा वेगवेगळ्या तुकड्यांतल्या असाव्यात आणि त्यांतली निदान एक एखाद्या चक्रातली, म्हणजे फिरून त्याच बिंदूला येणाऱ्या बंद वाटेतली, असावी.

बेरीज बरोबर २ × (न−१) असेल आणि शून्य नसेल तर त्या क्रमिकेचा वृक्ष, म्हणजे एकही चक्र नसलेला जोडलेला ग्राफ, काढता येतो. आपली रेल्वे तशीच होती: २ × (१२−१) = २२. अंबाजोगाईचा शून्य धरला की २४ हवे आणि आहेत २२. तो शून्य का गाळायचा नाही हे इथे कळतं.

सावधान: ‘वृक्ष काढता येतो’ म्हणजे ‘हा ग्राफ वृक्षच आहे’ असं नाही. २, २, २, १, १ ची बेरीज ८, बरोबर २ × ४. पाच बिंदूंची साखळी हा तिचा वृक्ष. पण एक त्रिकोण आणि बाजूला एक सुटी रेघ, हीदेखील तीच क्रमिका.

## टप्पा ८: हात बसवा

उत्तरं झाकून आधी स्वतः करा.

(१) ६, ५, ५, ४, ३, ३, २
(२) ६, ६, ५, ४, ३, ३, १
(३) ४, ४, ३, ३, २, २, २, ०
(४) ६, ६, ६, ३, ३, २, २, २

पहिली ग्राफिकल: ४, ४, ३, २, २, १, मग ३, २, १, १, १, मग १, १, ०, ०. दुसरी नाही: दोन बिंदू सगळ्यांशी जोडलेले असताना १ उरू शकत नाही. तिसरी ग्राफिकल, पण जोडलेला ग्राफ शक्य नाही, शून्य आहे.

चौथीवर वेळ घालवा. पहिल्या फेरीनंतर ५, ५, २, २, १, १, २ येतं. क्रम न लावता चालत राहिलात तर तिसऱ्या फेरीत −१ हाती येईल. क्रम लावून ५, ५, २, २, २, १, १ केलंत तर पुढे ४, १, १, १, १, ० आणि मग सगळे शून्य. तुमच्या वहीत −१ आला असेल तर टप्पा ४ मधला पंचकोन पुन्हा एकदा हाताने करा.